सोळा मिनिटांचा सूर्य

नऊ वर्षांपूर्वी कोकणातल्या एका बेटावर मी एका माणसाला सांगितले की सूर्य अजून मावळलेला नाही. तो मावळताना मी स्वतः, उघड्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याला तीन मिनिटे होऊन गेली होती. ज्याला सांगितले, त्या माणसाने कळत्या वयापासून सूर्यास्तानंतर अन्नाचा घास घेतला नव्हता, पाण्याचा घोटही नाही. माझ्या शब्दावर विसंबून तो जेवला, हात धुतले, आणि माझे आभार मानले.

ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखे त्यात काही नाही, अशी माझी समजूत मी स्वतःच घालत आलो. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचे घर बुडाले नाही. पण माणसाने स्वतःच्या अपराधाचे माप स्वतःच घ्यायचे ठरवले की ते नेहमी कमीच भरते. हे मला ज्याच्याकडून कळायला हवे होते, त्याच माणसाला मी फसवले होते.

त्यांचे नाव भूपाल. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. सांगलीजवळ, कृष्णेच्या पलीकडच्या काठावर त्यांचे गाव. घरी थोडी शेती, आणि नोकरी आमच्या पाटबंधारे खात्यात. काम एकच : नदीच्या पाण्याची पातळी मोजणे. काठावर दगडी खांबावर आकडे रंगवलेली पट्टी असते. तिच्यावर पाणी कुठवर आले आहे ते ठरलेल्या वेळी जाऊन पाहायचे आणि नोंदवहीत लिहायचे. सदतीस वर्षे अण्णांनी एवढेच केले. बुटकी, सडपातळ मूर्ती, पांढरा पायजमा, वरच्या खिशात घडी घातलेले एक शुभ्र सुती फडके. पाणी कुठलेही असो, कोणाच्याही घरचे असो, त्या फडक्यातून गाळल्याशिवाय ते पीत नसत. दुसऱ्या खिशात बोटभर जाडीची वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.

पाणी दिसले की ते मोजायचे, ही त्यांची सवय नोकरीबाहेरही सुटत नसे. समोर चहाचा कप आला की ते आधी कपात पाहत. "आज दोन बोटं कमी हाय," ते कॅन्टीनवाल्याला म्हणत, "वर पाऊस झाला न्हाई वाटतं?" माझ्या टेबलावरच्या पेल्यातले पाणी पाहून, मी सकाळपासून किती प्यायलो ते सांगत. थट्टा करणाऱ्यांची त्यांना सवय झाली होती. त्यांच्याजवळ सगळ्या थट्टेला पुरणारे एकच वाक्य होते : "बघितल्याबिगर नोंद न्हाई."

या वाक्याची आणि माझी पहिली गाठ आटपाडीला पडली. मी नुकताच शाखा अभियंता म्हणून तिकडे रुजू झालो होतो. साताऱ्यात वाढलेल्या मला तो कोरडा मुलूख शिक्षेसारखा वाटे. अण्णांची बदलीही तिथेच झालेली. त्यांच्या वाट्याला आलेल्या ओढ्यावरची पट्टी वर्षातले नऊ महिने धुळीत उभी असे. तरीही ते रोज सकाळी सायकलने सहा किलोमीटर जात, पट्टीपुढे उभे राहत आणि वहीत लिहीत : पात्र कोरडे. मग सहा किलोमीटर परत. मार्चमधल्या एका दुपारी, घामाने निथळत आलेले अण्णा पाहून मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "अण्णा, मे अखेरपर्यंत एकदमच 'कोरडे' लिहून टाका. मी सही करतो. उगाच कशाला जीव काढताय?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना दुसऱ्याच्या नावाची सही करायला सांगितली होती.

"साहेब, आज कोरडं हाय, ते मी बघितलंय. उद्याचं मला काय म्हाईत?"

"उद्या काय पूर येणार आहे का?"

"न्हाई येणार. पर बघायला पायजेच की."

त्याच नोंदवहीत एका दिवसाची नोंद अशी होती : 'पात्र कोरडे. एक कुत्रे बसलेले.' वरिष्ठ तपासणीला आले, त्यांनी भुवया चढवून विचारले, हे काय आहे? अण्णा शांतपणे म्हणाले, "आवं, ते पट्टीपुढंच बसलं हुतं. शून्याचा आकडा दिसंना. उठवलं, बघितलं, मग लिवलं." वरिष्ठ हसले. मीही हसलो. त्या हसण्यात मी वरिष्ठांच्या बाजूला उभा होतो, हे आता लिहिताना जाणवते.

पुढे आम्ही दोघेही सांगलीला आलो, तो मी उपअभियंता होऊन आणि ते त्याच पेन्सिलीसह. संध्याकाळच्या बैठकांत त्यांची मोठी पंचाईत होई. सूर्य कलला की ते खिडकीकडे पाहू लागत, आणि कोणी कितीही मोठा साहेब बोलत असला तरी हळूच उठत. "माझा सूर्य चाललाय," ते दाराशी थांबून म्हणत, "जरा जेवून येतो." बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसून, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात, आणि शेवटचा घोट पिऊन झाला की घड्याळ पाहून खिशातल्या वहीत सूर्यास्ताची वेळ टिपत. पंचांगात ती छापलेली असे. तरी पाहून लिहिणार. पावसाळ्यात ढगांमुळे सूर्य दिसला नाही तर ते पंचांगातली वेळ लिहीत, पण तिच्यापुढे कंसात 'न पाहता' असे नोंदवीत.

आणखी एक गोष्ट ते दरवर्षी करीत. भाद्रपदात जैनांचे दहा दिवसांचे पर्व संपले की एकमेकांची क्षमा मागण्याचा दिवस येतो. क्षमावणी म्हणतात त्याला. त्या दिवशी अण्णा कार्यालयात सगळ्यांच्या आधी येत, आणि शिपायापासून माझ्यापर्यंत प्रत्येकासमोर हात जोडून उभे राहत. "वरीसभरात माझ्याकडनं कायतरी चुकलं असंल, मन दुखावलं असंल, तर क्षमा असावी." माने नावाचा आमचा कारकून मोठा वात्रट. तो म्हणे, "अण्णा, फेब्रुवारीत तुम्ही मला चहा पाजला नव्हता, ते धरून का?" अण्णा गंभीरपणे म्हणत, "ते धरून." मी मात्र दरवर्षी एकच उत्तर देई : "अहो अण्णा, तुमचं काय चुकणार!" ऐकायला हे किती सुसंस्कृत वाटते. पण रिवाज असा की ज्याची क्षमा मागितली, त्यानेही उलट हात जोडून मागायची. त्यांची स्तुती करून मी ती पाळी शिताफीने टाळत असे. तेव्हा कारण नव्हते. नंतर कारण झाले, आणि वाक्य तेच राहिले.

निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा आम्ही त्यांना विचारले, भेट काय देऊ? घड्याळ? शाल? त्यांनी दोन्हींना नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "मला भरती दावा."

तरुणपणी कोणा अभियंत्याने त्यांना सांगितले होते की समुद्राचे पाणी पाऊस नसतानाही दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. सदतीस वर्षे पाणी चढण्याचे एकच कारण पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट झोपू देत नव्हती. "वर पाऊस न्हाई, धरणातनं सोडलं न्हाई, आणि पाणी चढतंय," ते म्हणाले. "खोटं न्हाई म्हणत मी. पर बघितलं न्हाई."

सहलीचे ठरले. मालवणच्या खाली, खाडीच्या तोंडाशी असलेले एक निवांत गाव. तिथून होडीने तीन बेटे पाहायची, किनाऱ्यावर दोन दिवस राहायचे. मार्गशीर्षातले दिवस, समुद्र शांत. चौदा माणसे, एक छोटी बस, आणि सगळ्या व्यवस्थेचा प्रमुख मी. अण्णांनी सहलीसाठी एक बांबू तयार केला होता. पुरुषभर उंचीचा, वितीवितीवर लाल पट्टा, बोटाबोटावर काळी रेघ. आंबा घाटात बसचे दार उघडले की तो बांबू कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात बसे.

मला त्या सहलीची आठवण येते ती चिडचिडीच्या चवीसकट. होडी सकाळी नऊला ठरली होती. पूर्ण भरती अकराच्या सुमाराला, ती अण्णांना पहिल्या बेटावर मोजायची होती. पण माणसे नाश्त्यालाच दहापर्यंत बसली. मग कोणाची टोपी हरवली, कोणाला किनाऱ्यावर फोटो हवे होते. अण्णा आठपासून बांबू घेऊन वाळूत उभे. दर दहा मिनिटांनी ते माझ्याकडे येत. "साहेब, पाणी चढाय लागलंय. माझी सुरवात हुकली." मी म्हणे, "निघतोय, अण्णा." पुन्हा दहा मिनिटांनी, "साहेब, दीड वीत गेली." त्यांचे काहीच चुकत नव्हते, आणि म्हणूनच मला त्यांचा राग येत होता. ज्यांचे चुकत होते त्यांना बोलायचे धैर्य माझ्यात नव्हते.

शेवटी साडेअकराला निघालो. होडीत चढताना अण्णांनी आपली कापडी पिशवी उचलली. तिच्यात त्यांचा डबा आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या होता.

"पिशवी राहू द्या बसमध्ये," मी म्हणालो. माझ्या आवाजाला धार होती. "दोन तासांत परत येतोय. होडीत आधीच तुमचा बांबू आहे."

"न्हाई, म्हणलं माझं खाणं…"

"अण्णा, दोन तास!"

त्यांनी मुकाट्याने पिशवी ड्रायव्हरकडे दिली. एवढेच घडले. माझ्या अपराधाला सुरुवात इथे झाली; सूर्य तेव्हा माथ्यावर होता.

होडीवाला बाबी नावाचा तिशीतला माणूस. अण्णांचे आणि त्याचे लगेच जमले, म्हणजे भांडण जमले.

"पाणी किती चढतंय रं हितं?"

"पुरुषभर चढता."

"पुरुषभर म्हंजे? कुठला पुरुष? तू का मी?"

बाबीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमी बुडशात, माझ्या गळ्यापर्यंत येतला."

अण्णांनी ते वहीत लिहून घेतले. मग बराच वेळ विचार करून लिहिलेले खोडले. बाबीचा गळा पाण्यात त्यांनी पाहिला नव्हता.

पहिले बेट खडकाळ, पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले. तिथे उतरताच अण्णांनी दोन दगडांच्या खाचेत बांबू रोवला. भरतीचा माथा गेला होता, पाणी उतरू लागले होते. ते खाली बसून पाहत राहिले. ओल्या बांबूवर एक काळी रेघ उघडी पडली, मग दुसरी. माणसाच्या चेहऱ्यावर इतके निखळ आश्चर्य मी फार वेळा पाहिलेले नाही. "गेलं की हो," ते पुटपुटले. "कुणी दार उघडलं न्हाई, काय न्हाई. आपलं आपणच चाललंय." तिसरी रेघ उघडी पडायच्या आत आम्ही त्यांना उठवले, कारण बाकीच्यांना भूक लागली होती.

दुसऱ्या बेटावर नुसती पांढरी वाळू आणि झावळ्यांचे दोन मांडव. तिथे मासे-भाताची ताटे मिळत. तेरा जण जेवायला बसले. अण्णा मांडवाबाहेर बांबूजवळ उभे राहिले. मी एक शहाळे नेऊन दिले. त्यांनी खिशातले फडके काढले, शहाळ्याचे पाणी गाळले आणि प्यायले. "बास झालं," ते म्हणाले. "डबा हायच की, गेल्यावर खातो." पिशवीचा उल्लेख त्यांनी एवढाच केला. त्यांनी रागवायला हवे होते. माझी सुटका झाली असती.

बाबी तीन वाजल्यापासून हाका मारत होता. "चला, पाणी सुकता हा! मागसून व्हडी अडकतली!" कोणीही ऐकले नाही. तिसऱ्या बेटावर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते, आणि किनाऱ्याला टेकता टेकता होडी खरोखरच वाळूत रुतली. आता पाणी पुन्हा चढल्याशिवाय ती हलणार नव्हती, म्हणजे अंधार पडेपर्यंत.

तिसरे बेट खाडीच्या तोंडाशी आहे. पश्चिमेला पाच-सात मिनिटांत चढता येईल अशी टेकडी, पूर्वेला गावाकडचा किनारा. पश्चिमेचे आकाश त्या किनाऱ्यावरून दिसत नाही. लोकांना संकट वाटलेच नाही. टेकडीवरून सूर्यास्त पाहायला मिळणार म्हणून ते खुशीत वर गेले. अण्णांचा गुडघा दुखत होता. ते खाली, बांबूपाशी बसले. सकाळी सातला थोडे पोहे खाल्ले होते, त्यानंतर एक शहाळे. सूर्य मावळण्याआधी पिशवी मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत पाणीसुद्धा नाही, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. मी बाबीला गळ घातली. त्याने जवळून जाणाऱ्या एका मच्छीमाराला हाक मारली. त्याची छोटी होडी उथळ पाण्यातूनही जात होती. तो गावात जाऊन पिशवी आणायला कबूल झाला.

मग मी वर गेलो. का गेलो? खाली अण्णांच्या शेजारी बसवत नव्हते म्हणून. लोक ओळीने उभे होते. समुद्राच्या कडेला सूर्य टेकला, चपटा झाला, आणि गेला. माने घड्याळ पाहून ओरडला, "सहा वाजून दोन मिनिटं! खेळ खल्लास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी मी मागे वळून पाहिले, तर ती छोटी होडी किनाऱ्याला लागत होती.

मी जवळजवळ धावत उतरलो. अण्णांच्या मांडीवर पिशवी होती. डब्याचे झाकण त्यांनी उघडले होते, पण हात डब्यात घातला नव्हता.

"साहेब, तुमी वर हुतासा. सूर्य हाय का?"

मी पिशवीकडे पाहिले. ते घाईघाईने म्हणाले, "पंचांगात पाच अठ्ठावन्न हाय, पर ते आमच्या सांगलीचं. हितं आपण पश्चिमेला आलोय. हितं उशिरा बुडणार, व्हय का न्हाई? किती उशिरा ते मला म्हाईत न्हाई. मला हितनं दिसंना. तुमी बघितलं असंल ते सांगा."

दयेपोटी बोललो, असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सांगितले. ते खोटे आहे. मला दिसत होते ते वेगळेच : टेकडीवरून लोक खाली येतील, अण्णा उपाशी आहेत हे पाहतील, पिशवी कोणी ठेवायला लावली ते विचारतील, आणि अण्णा खरे ते सांगतील. मला त्या प्रश्नापासून वाचायचे होते.

"आहे, अण्णा," मी म्हणालो. "अजून हातभर वर आहे. निवांत जेवा."

"बघितलंसा डोळ्यानं?"

"डोळ्यांनी पाहिला."

त्यांनी पहिला घास घेतला. "टेकल्याबरुबर हाक मारा बरं का," ते भरल्या तोंडाने म्हणाले. मी टेकडीच्या पायवाटेवर, तिथून सूर्य दिसत असावा असे खालून वाटेल इतपत, वीस पावले चढून, पाठ फिरवून उभा राहिलो. समोर करवंदीची जाळी होती. मी तिच्याकडे सूर्यास्त पाहिल्यासारखा पाहत राहिलो. मागे डब्याचे झाकण वाजले, पाणी ओतल्याचा आवाज आला, मग मी म्हणालो, "मावळला, अण्णा."

त्यांनी घड्याळ पाहिले. सहा वाजून चौदा मिनिटे. खिशातली वही निघाली, पेन्सिल निघाली. "पाच अठ्ठावन्न, सहा चौदा," ते मोजत म्हणाले. "सोळा मिनिटं! समुद्रावर सोळा मिनिटं उशीर. बघा की, आज दोन नव्या गोष्टी कळल्या." मग वहीकडे पाहत, "हे माझ्या डोळ्यानं न्हाई, पर तुमच्या डोळ्यानं हाय. चालतंय." त्यांनी कंसात 'न पाहता' लिहिले नाही. कंसात माझे नाव लिहिले.

टेकडीवरून लोक आले तेव्हा माने म्हणाला, "काय अण्णा, सूर्यास्त हुकला की तुमचा!" अण्णांनी त्याला ऐटीत सांगितले, "आमचा सायबांनी बघितलाय." मानेने माझ्याकडे पाहिले. मी होडीकडे पाहिले.

अण्णा निवृत्त झाले, माझी बदली साताऱ्याला झाली. पण दरवर्षी क्षमावणीला ते एसटीने साताऱ्याला येऊ लागले. उंब्रजला गाडी थांबते, तिथे तोंड धुवायलाही उतरत नसत, चुकेल म्हणून. माझ्या दारात उभे राहून हात जोडायचे, तेच वाक्य म्हणायचे, गाळलेले पाणी प्यायचे आणि दिवस आहे तोवर गावी पोचायचे म्हणून लगेच निघायचे. आठ वर्षे मी त्यांना तेच उत्तर दिले. "अहो अण्णा, तुमचं काय चुकणार!" आठही वेळा मी ठरवून दार उघडले होते की आज सांगायचे. त्यांना रस्त्यापर्यंत सोडून परत येताना मला स्वतःची इतकी चीड येई की पत्नी विचारी, काही बिनसले का?

दरम्यान त्यांचे कान गेले. यंत्र लावले तर त्यात नदीसारखा आवाज येतो, म्हणून ते लावत नाहीत. फोनवर त्यांनी स्वतःची पद्धत काढली. "साहेब, मी बोलतो, तुमी ऐका. मला काय ऐकू येत न्हाई, तवा उत्तर देऊ नका." बातमी सांगायची आणि ठेवून द्यायचा.

या वर्षी पर्व चालू असताना असाच फोन आला. गुडघ्यामुळे या खेपेला साताऱ्याला येणे जमणार नाही, तिकडूनच क्षमा असावी, असे ते म्हणाले. आणि मग आनंदाने : "आणि बरं का, आमच्या बस्तीतली पस्तीस माणसं दसरा झाल्यावर समुद्राला चालल्यात. बेटं बघायला. जेवणाच्या येळंचा सगळ्यांना घोर लागलाय. मी म्हणलं, घोर कशाला? तुमचं सोळा मिनिटं फळ्यावर लिवलंय. तुमच्या नावानं."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि हळू आवाजात म्हणालो, "अण्णा, ते सोळा नव्हते. मी खोटे बोललो होतो." मी हे बोललो, कारण ते ऐकू येणार नाही हे मला माहीत होते. पलीकडून आवाज आला, "बरं, ठेवतो."

त्या क्षणाइतका मी स्वतःला कधीच नकोसा झालो नव्हतो. एका माणसाच्या व्रतावर घातलेला घाव मी नऊ वर्षे सांभाळून ठेवला, आणि आता त्यातून पस्तीस माणसांची व्रते मोडणार होती, तीही माझ्याच नावाने.

क्षमावणीच्या दिवशी मी पहाटेच्या एसटीने निघालो. गावात पोचलो तेव्हा बस्तीच्या, म्हणजे त्यांच्या देवळाच्या, अंगणात गर्दी होती. माणसे एकमेकांसमोर हात जोडून उभी होती. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिले होते : समुद्रावर सूर्यास्त सांगलीहून १६ मि. उशिरा. खाली माझे नाव. फळ्याखाली खुर्चीवर अण्णा, आणि त्यांच्याशी वाद घालत त्यांची सून पद्मा, हातात मोबाईल.

"अण्णा, हे बघा, चारच मिनिटं दाखवतंय!" ती त्यांच्या कानाशी ओरडत होती.

"तुझा मोबाईल गेलता का बेटावर?"

"आवं, सगळं जग ह्याच्यावर चालतंय!"

"जगाचं ऱ्हाऊ दे. सायबांनी डोळ्यानं बघितलंय. मोबाईल चुकतोय."

आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. चेहरा उजळला. "घ्या! साक्षीदारच आला!" ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. "इचार आता ह्यांनाच."

मी जवळ गेलो आणि वाकून, माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अण्णा, पद्माताईंचं बरोबर आहे."

"काय म्हणलासा?"

"सूर्य मावळला होता, अण्णा."

"ऐकू येईना. जोरात बोला की, साहेब."

आयुष्यात मी कधी आवाज चढवलेला नव्हता. सौम्य बोलण्याबद्दल लोकांनी माझे कौतुकच केले आहे. त्या अंगणात प्रथमच मला कळले की माझ्या सौम्यपणाने किती गोष्टी झाकल्या आहेत. मी श्वास घेतला आणि ओरडलो.

"सूर्य मावळला होता! मी मावळताना पाहिला होता! तुम्हाला खोटं सांगितलं! पिशवी मी ठेवायला लावली, ते उघडं पडू नये म्हणून खोटं सांगितलं!"

अंगणातली माणसे वळून पाहू लागली. जोडलेले हात जोडलेलेच राहिले. पद्माने मोबाईल खाली घेतला.

अण्णा माझ्या तोंडाकडे पाहत होते, पट्टीवरचा आकडा पाहावा तसे. मग त्यांनी विचारले, "किती वाजता?"

"सहा दोन."

"बघितलंसा डोळ्यानं?"

"हो. डोळ्यांनी."

बस्तीला लागूनच असलेल्या घरात जाऊन त्यांनी ती जुनी वही आणली. बराच वेळ लागला. पान सापडले. 'सहा चौदा' वर त्यांनी एकच आडवी रेघ मारली, वर 'सहा दोन' लिहिले, आणि स्वतःशी हिशेब केल्यासारखे म्हणाले, "म्हंजे घास रात्रीचाच झाला." त्यात राग होता की नाही मला सांगता येणार नाही, थकवा होता. मग खिशातले पांढरे फडके काढून, ज्याने आयुष्यभर पाणी गाळले त्या फडक्याने, त्यांनी फळ्यावरचे सोळा पुसले. सुनेकडे न पाहता खडू मागितला. चार लिहिले. माझे नाव तसेच ठेवले.

आणि माझ्याकडे वळून उभे राहिले. दरवर्षी पहिले हात त्यांचे जुळत. या वेळी ते खाली होते, खडूने माखलेले, आणि ते वाट पाहत होते.

मी हात जोडले. आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, सगळ्या अंगणासमोर म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं. मला क्षमा करा."